कॅथेटरवरची गुठळी आणि 'दिसली' या शब्दाचा घोटाळा

सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्या मुलांकडून एक प्रश्न नेहमी येतो: "पेपर वाचला, समजलाही, पण तो चांगला की वाईट हे ठरवायचं कसं?" याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही. म्हणून आज एक विषय घेऊन त्यावरचे पेपर तुमच्यासमोर उलगडतो. विषय आहे शिरेत बसवलेल्या कॅथेटरमुळे होणारी रक्ताची गुठळी न्यूक्लिअर मेडिसिनने शोधणं. मी डॉक्टर नाही, एमएस्सी करून पीएचडीला लागलेला माणूस आहे. त्यामुळे उपचार काय घ्यावा हे इथे शोधू नका. पुरावा कसा तपासायचा एवढंच बघू.

(आणि हो, या लेखात 'पेट' म्हणजे पॉझिट्रॉन वापरून काढलेला स्कॅन. पीएचडीची पेट परीक्षा नव्हे. तिच्यावर वेगळी पोस्ट येईल.)

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. कीमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाला दर वेळी हातात नवीन सुई टोचणं शक्य नसतं. औषधं शिरा जाळतात. म्हणून दंडातून पिक लाइन घालतात किंवा छातीवर कातडीखाली पोर्ट बसवतात. दोन्हींची नळी सुपीरियर व्हेना केव्हा या मोठ्या नीलेत, म्हणजे हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या अगदी दारात, जाऊन थांबते. नळी ही शरीराला परकी वस्तू. घालताना शिरेचं अस्तर थोडं दुखावतं, नळीने जागा अडवल्यामुळे रक्त मंदावतं, आणि कॅन्सरमुळे रक्त आधीच गोठायला टपलेलं असतं. विरशोचे तिन्ही घटक एकाच ठिकाणी हजर.

आता पुढचा भाग सावकाश वाचा, कारण सगळी टीका इथूनच निघणार आहे. 'कॅथेटरवरची गुठळी' या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे नळीभोवती मोज्यासारखं चढणारं फायब्रिनचं पातळ आवरण. हे इतक्या लोकांत होतं की त्याला आजार म्हणावं का हाच प्रश्न आहे. दुसरी, नळीच्या आत किंवा टोकाशी साचलेली गुठळी. हिच्यामुळे रक्त ओढता येत नाही, औषध जात नाही. तिसरी, शिरेच्या भिंतीला चिकटलेली, शीर अडवणारी गुठळी. हात सुजतो तो हिच्यामुळे, आणि फुप्फुसात जाण्याची भीतीही हिचीच. डॉक्टरला खरी चिंता तिसरीची. ट्रेसरला मात्र यातली कुठली कुठली हे कळेलच असं नाही.

रोजच्या व्यवहारात पहिली तपासणी सोनोग्राफी. प्रोबने शीर दाबायची. दबली तर मोकळी, दबली नाही तर आत गुठळी. दंडात, काखेत, मानेत हे छान जमतं. कॉलरबोनच्या मागे गेलं की हाड आडवं येतं, आणि छातीच्या आतली शीर तर दाबताच येत नाही. व्हेनोग्राफी, म्हणजे शिरेत रंगद्रव्य सोडून एक्स-रे, ही जुनी कसोटी. पण तिला सुजलेल्या हातात सुई लागते, रंगद्रव्य मूत्रपिंडाला जड जातं, आणि आता ती फार कमी ठिकाणी करतात. नेमकं कॅथेटरचं टोक जिथे असतं तिथे सोपी तपासणी नाही. न्यूक्लिअर मेडिसिनवाले म्हणतात: आम्ही आकार बघत नाही, रसायन बघतो. गुठळीत जे घटक असतात त्यांना चिकटणारा ट्रेसर सोडतो. जिथे चमकेल तिथे गुठळी.

कल्पना सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. पण ही कल्पना साठेक वर्षांची आहे आणि कॅथेटरच्या गुठळीसाठी ती अजूनही नेहमीच्या वापरात नाही. का नाही, हे विचारायला हवं.

सुरुवात आयोडीन-१२५ लावलेल्या फायब्रिनोजेनने झाली. १९६० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये विजय कक्कर या भारतीय वंशाच्या सर्जनने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत चांगलीच रुजवली. रुग्णाला ऑपरेशनच्या सुमारास फायब्रिनोजेन द्यायचं, थायरॉइडने आयोडीन खाऊ नये म्हणून पोटॅशियम आयोडाइड द्यायचं, आणि मग रोज पायांवर ठरलेल्या बिंदूंना डिटेक्टर टेकवून मोजणी करायची. पोटरीत कुठे आकडा वाढला तर तिथे गुठळी बनतेय. आयोडीन-१२५ चं अर्धायुष्य सुमारे ६० दिवस, त्यामुळे एकाच डोसवर बरेच दिवस मोजता येई. ऑपरेशननंतर पायात गुठळ्या किती सर्रास होतात हे जगाला या पद्धतीने दाखवलं. हेपारिनच्या कमी डोसने त्या रोखता येतात, हा विचारही याच कामातून पुढे आला. १९७५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेली कक्करांची चार हजारांहून अधिक रुग्णांची ट्रायल या सगळ्याचा कळस.

एवढं यश असलेली पद्धत गेली कुठे? एक कारण म्हणजे फायब्रिनोजेन माणसाच्या रक्तातून काढलेलं, त्यामुळे काविळीच्या विषाणूची भीती. दुसरं कारण तुमच्या कामाचं आहे. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये ही चाचणी व्हेनोग्राफीच्या शेजारी ठेवली तेव्हा तिचं खरं रूप कळलं. जखमेतही फायब्रिन बनतंच. मांडीत जखम असेल तर डिटेक्टर तिथेही वाजतो. आणि ओटीपोटाजवळ मूत्राशय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांची पार्श्वभूमी एवढी जास्त की गुठळी असली तरी उठून दिसत नाही. म्हणजे पोटरीत चालणारं तंत्र दोन वीत वर गेलं की कोलमडतं.

हे तंत्र कॅथेटरकडे नेऊन बघा. नळी घातली तिथे टोचल्याची जखम आहेच, टाके आहेत, रक्त साकळलेलं असू शकतं. आणि नळीचं टोक कुठे? हृदयाला लागून, शरीरातल्या सगळ्यात जास्त रक्ताच्या शेजारी. पार्श्वभूमी याहून वाईट असू शकत नाही. एका जागी सिद्ध झालेली चाचणी दुसऱ्या जागी उचलून नेता येत नाही, हे इथे स्पष्ट दिसतं. तरीही कॅथेटरवरच्या पेपरच्या प्रस्तावनेत पायाच्या गुठळीचे आकडे बिनदिक्कत दिलेले आढळतात. असं वाक्य दिसलं की त्याच्या संदर्भापाशी थांबा आणि मूळ पेपरमध्ये कुठला अवयव होता ते बघा.

फायब्रिनोजेननंतर प्लेटलेटची पाळी आली. १९७० च्या दशकात इंडियम-१११ वापरून रुग्णाच्याच प्लेटलेट शरीराबाहेर खुणावून परत सोडायची पद्धत निघाली. इंडियमचं अर्धायुष्य २.८ दिवस, म्हणून एक-दोन दिवस थांबून, रक्तातली पार्श्वभूमी उतरल्यावर चित्र काढता येतं. पण डॉक्टरला उत्तर आज संध्याकाळी हवं असतं. शिवाय संशय आला की हेपारिन सुरू होतं, आणि हेपारिन सुरू झालं की गुठळीवर नव्या प्लेटलेट बसणं कमी होतं. म्हणजे चाचणी होईपर्यंत उपचारच चाचणीला आंधळं करतो. यावर मला फार लिहायचं नाही, कारण मुख्य पेपर पुढे आहे.

अमेरिकेच्या एफडीएने १९९८ साली टेक्नेशियम-९९एम ॲपसिटाइड या ट्रेसरला मान्यता दिली. बाजारातलं नाव ॲक्युटेक्ट. हे एक छोटं पेप्टाइड, जे सक्रिय झालेल्या प्लेटलेटवरच्या जीपी-टूबी-थ्रीए या रिसेप्टरला चिकटतं. टेक्नेशियम म्हणजे रोजच्या वापरातला समस्थानिक. अर्धायुष्य सहा तास, वाशीच्या ब्रिटकडून आपल्याकडच्या विभागांना त्याचे जनरेटर मिळतात. प्लेटलेट बाहेर काढायची भानगड नाही, दोन दिवस थांबणं नाही. कागदावर तरी सगळे प्रश्न सुटले.

त्याच्या फेज-३ चा पेपर २००० साली 'जर्नल ऑफ न्यूक्लिअर मेडिसिन'मध्ये आला. पायात गुठळीचा संशय असलेल्या रुग्णांवर ॲपसिटाइड आणि व्हेनोग्राफी दोन्ही करून तुलना केली. रुग्णाबद्दल काहीही माहीत नसलेल्या वाचकांनी स्कॅन वाचले तेव्हा सेन्सिटिव्हिटी सुमारे तीन-चतुर्थांश आणि स्पेसिफिसिटी त्याहूनही कमी, साधारण दोन-तृतीयांश आली. म्हणजे गुठळी असलेल्या चारांतला एक सुटतो, आणि गुठळी नसलेल्या तिघांतल्या एकावर खोटा ठपका. मग पेपर म्हणतो: लक्षणं सुरू होऊन तीन दिवसांच्या आत आलेले आणि पूर्वी कधी गुठळी न झालेले रुग्ण वेगळे काढले, तर सेन्सिटिव्हिटी ९० टक्क्यांच्या आसपास आणि स्पेसिफिसिटी ८० टक्क्यांच्या वर जाते.

इथे दोन प्रकारचे वाचक दिसतात. एक तो ९० चा आकडा उचलतो आणि आपल्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये टाकतो. दुसरा 'सबग्रुप' हा शब्द दिसला रे दिसला की पेपर बाद करतो. मला दोघांचंही पटत नाही. या सबग्रुपमागे जीवशास्त्र आहे. तो रिसेप्टर ताज्या, सक्रिय प्लेटलेटवरच उघडतो. जुन्या गुठळीत प्लेटलेट थंडावलेल्या असतात. तेव्हा ताज्या गुठळीत चाचणी चांगली चालावी ही अपेक्षा वाजवी आहे. पण वाजवी अपेक्षा आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत अंतर असतं. ते अंतर भरायला नवी ट्रायल लागते, ज्यात फक्त असेच रुग्ण घेतले असतील आणि आकडा आधी नोंदवलेला असेल.

आणि कॅथेटरच्या रुग्णाला हा सबग्रुप लागू करायचा कसा, हा माझा मुख्य आक्षेप. पाय सुजला तर रुग्ण सांगतो, "परवापासून दुखतंय." कॅथेटरच्या गुठळ्यांचा मोठा भाग लक्षणांशिवाय वाढतो. 'तीन दिवस' कधीपासून मोजायचे? नळी घातल्यापासून? रक्त ओढायला अडथळा आला तेव्हापासून? शिवाय नळीवर प्लेटलेट सतत थोड्याफार बसतच असतात. म्हणजे ज्या गुणामुळे पायात ही चाचणी चालते, त्याच गुणामुळे कॅथेटरवर ती निरुपद्रवी आवरणालाही चमकवू शकते. ॲक्युटेक्टची मान्यता फक्त पायांपुरतीच होती, हे लक्षात ठेवा. पुढे ते बाजारातून गेलंही. माझ्या मते कारण साधं आहे: खाटेजवळ पाच मिनिटांत होणाऱ्या सोनोग्राफीपुढे ते कुठल्याच बाबतीत पुरेसं पुढे नव्हतं.

त्याच रिसेप्टरवर आता नव्या पिढीचा ट्रेसर आहे: फ्लोरिन-१८ लावलेला जीपी-१. बायरचा मॉलिक्युलर इमेजिंग विभाग २०१२ साली मुंबईच्या पिरामल समूहाने घेतला, त्या कामातून आलेला हा रेणू. अर्धायुष्य ११० मिनिटं, आणि पेट स्कॅन असल्यामुळे चित्र जुन्या गॅमा कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. माणसांवरचा पहिला मोठा पेपर २०१९ साली दक्षिण कोरियातून आला. २० रुग्ण: १० जणांना पायात गुठळी, १० जणांना फुप्फुसात. सगळ्या २० जणांत ट्रेसर चमकला.

'२० पैकी २०' हे वाचून भारावून जायच्या आधी एक हिशेब करा. २० पैकी २० बरोबर आले तरी खरी सेन्सिटिव्हिटी ८५ टक्क्यांच्या आसपास असू शकते. शून्य चुका दिसल्या तर ३ ला नमुन्याच्या संख्येने भागायचं. ३ भागिले २० म्हणजे १५ टक्के. एवढ्या चुका लपून राहू शकतात. हा 'रूल ऑफ थ्री' व्हायव्यात विचारतात, पाठ करून ठेवा. पण त्याहून मोठी गोष्ट ही की सगळ्या २० जणांना गुठळी आहे हे आधीच माहीत होतं. गुठळी नसलेला माणूस अभ्यासात नाहीच. मग स्पेसिफिसिटी काढणार कशावरून? लेखकांनी तसा दावाही केलेला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. फेज-१ चा अभ्यास सुरक्षितता बघायला असतो. दोष त्यांचा नाही. त्या पेपरचा हवाला देऊन "जीपी-१ अत्यंत अचूक आहे" असं लिहिणाऱ्या पुढच्यांचा आहे.

त्याच पेपरमध्ये आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या रिव्ह्यूंमध्ये गळतात. माणूस हे एकक सोडून एकेक रक्तवाहिनी मोजली तर पायात दर दहांतल्या नऊ गुठळलेल्या वाहिन्या दिसल्या, पण फुप्फुसात दहांतल्या सहाच. 'प्रत्येक रुग्ण पॉझिटिव्ह' आणि 'दहांतल्या सहा वाहिन्या पॉझिटिव्ह' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. एकक बदललं की आकडा बदलतो. दुसरी गोष्ट: नेहमीच्या तपासण्यांत न दिसलेल्या काही वाहिन्यांतही ट्रेसर चमकला, बहुतेक पोटरीच्या बारीक नीलांमध्ये.

आता सांगा, या जास्तीच्या चमकणाऱ्या जागा म्हणजे काय? नव्या चाचणीने जुन्या चाचणीला न दिसलेली खरी गुठळी पकडली, की नव्या चाचणीने खोटा इशारा दिला? दोन्ही अर्थ त्याच आकड्यांतून निघतात. तुमची कसोटीच कच्ची असेल तर तिच्यापेक्षा जास्त दिसणारी गोष्ट बरोबर की चूक हे ती कसोटी ठरवू शकत नाही. यातून बाहेर पडायचा रस्ता एकच: रुग्णांवर पुढे लक्ष ठेवणं. ज्यांच्यात जास्तीची जागा चमकली त्यांचं पुढच्या तीन महिन्यांत काय झालं? ही माहिती नसेल तर 'जास्त गुठळ्या सापडल्या' हे यश आहे की नुसती संख्या, ते कळत नाही.

कॅथेटरच्या बाबतीत ही शंका पुस्तकी नाही. कॅन्सर रुग्णांमध्ये कॅथेटरमुळे गुठळी किती जणांना होते? इटलीतल्या १९९७ च्या एका अभ्यासात सगळ्यांची व्हेनोग्राफी केली तर सुमारे दोन-तृतीयांश लोकांत काही ना काही सापडलं, आणि त्यातल्या अगदी थोड्यांनाच त्रास होता. २००५ साली एनॉक्सापॅरिनची ट्रायल आली. तिच्या प्लासिबो गटात व्हेनोग्राफीने आकडा सुमारे १८ टक्के, पण लक्षणं असलेले फक्त ३ टक्क्यांच्या आसपास. त्याच वर्षी कॅनडात वॉरफरिनची ट्रायल झाली, तिने फक्त लक्षणांची गुठळी मोजली: प्लासिबोत ४ टक्के. ६६, १८, ४. नळ्या सुधारल्या, घालायची पद्धत सुधारली, हे खरं. पण आकड्यांतला मोठा फरक हा कुणी किती बारकाईने शोधलं याचा आहे. आता यात सोनोग्राफीहून, व्हेनोग्राफीहूनही तीक्ष्ण पेट ट्रेसर आणून ठेवला तर आकडा कुठे जाईल याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि प्रत्येक 'सापडलेल्या' गुठळीपाठोपाठ औषध येतं. कॅथेटरच्या गुठळीला साधारण निदान तीन महिने रक्त पातळ करणारं औषध देतात. ल्युकेमियाच्या रुग्णाच्या प्लेटलेट कीमोनंतर तळाला गेलेल्या असतात. अशा माणसाला निरुपद्रवी फायब्रिनच्या आवरणापायी हेपारिन सुरू केलं आणि मेंदूत रक्तस्राव झाला, तर त्या स्कॅनची सेन्सिटिव्हिटी किती होती हे कुणी विचारणार नाही. उलट बाजूही खरी आहे: भिंतीची गुठळी सुटली आणि फुप्फुसात गेली तर तेही जिवावरचं. म्हणून स्पेसिफिसिटीचा प्रश्न दुय्यम नाही.

थोडं गणित. आकडे माझे, केवळ समजण्यासाठी. समजा चाचणीची सेन्सिटिव्हिटी ९० आणि स्पेसिफिसिटी ८४ टक्के आहे. हात सुजलेल्या, दुखणाऱ्या १००० जणांत ४०० जणांना खरी गुठळी आहे. चाचणी ३६० बरोबर पकडेल आणि उरलेल्या ६०० पैकी ९६ जणांना उगाच पॉझिटिव्ह म्हणेल. पॉझिटिव्ह आलेल्यांत ७९ टक्के खरे. चालेल. आता तीच चाचणी लक्षणं नसलेल्या, फक्त कॅथेटर आहे म्हणून तपासलेल्या १००० जणांवर करा, जिथे ५० जणांनाच महत्त्वाची गुठळी आहे. ४५ बरोबर पकडले, पण ९५० पैकी १५२ खोटे. पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे फक्त २३ टक्के. चाचणी तीच, मशीन तेच. रुग्ण कोण निवडले एवढ्याने दहांतले आठ खरे यावरून चारांतला एकही धड खरा नाही इथवर आपण येतो. 'लवकर निदानासाठी सर्व कॅथेटरधारकांची तपासणी करावी' असं वाक्य निष्कर्षात दिसलं तर हा हिशेब मांडून बघा.

आता भौतिकशास्त्राकडे, कारण तुमच्यापैकी बरेच जण फिजिक्सचे आहात आणि हा भाग डॉक्टर मंडळींपेक्षा तुम्हाला लवकर कळेल. कॅथेटरची जाडी फ्रेंच एककात सांगतात. १ फ्रेंच म्हणजे एक-तृतीयांश मिलिमीटर. ५ फ्रेंचची पिक लाइन म्हणजे १.७ मिमीच्या आतबाहेर. तिच्यावरचं फायब्रिनचं आवरण त्याहून कितीतरी पातळ. आणि रुग्णांच्या पेट स्कॅनरचं रिझोल्यूशन? साधारण ४ ते ६ मिमी. गॅमा कॅमेऱ्याच्या स्पेक्टचं तर १ सेंटिमीटरच्या घरात. त्यात श्वासाने छाती हलते, हृदय धडधडतं. म्हणजे नळीवरचं आवरण आणि शेजारच्या भिंतीवरची लहान गुठळी चित्रात एकच धूसर ठिपका होऊन येणार. पार्शल व्हॉल्यूमचा परिणाम असा की लहान वस्तूची तीव्रता खरीपेक्षा कमी दिसते. मग "तीव्रता कमी म्हणून आवरण, जास्त म्हणून गुठळी" हा नियमही डळमळतो. ट्रेसर कितीही नेमका बनवा, त्याच्यामागचा कॅमेरा या मर्यादेतच बघणार.

पोर्टची गोष्ट अजून मजेशीर. पोर्टचा कप्पा बऱ्याचदा टायटॅनियमचा. पेट-सीटीमध्ये किरण किती शोषले गेले याची दुरुस्ती सीटीवरून करतात. धातूमुळे सीटीला वाटतं इथे फार दाट काहीतरी आहे, आणि दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होते. परिणाम: पोर्टभोवती खोटी चमक. म्हणून दुरुस्ती न केलेलं चित्रही बघितलं का, हे मेथड्समध्ये शोधा. लिहिलेलं नसेल तर पेन्सिलने समासात प्रश्नचिन्ह.

याहून साधी आणि याहून घातक गोष्ट म्हणजे ट्रेसर कुठून दिला. रुग्णाच्या शिरा मिळत नाहीत म्हणून नर्स कॅथेटरमधूनच सुई लावते. माणुसकीच्या दृष्टीने बरोबर. पण मग ट्रेसरचा थोडा भाग नळीच्या टोकाच्या फायब्रिनला चिकटून राहतो आणि तिथे चमक दिसते. एफडीजीच्या स्कॅनमध्ये हे माहीत असलेलं प्रकरण आहे. फुप्फुसात एखादा तेजस्वी ठिपका दिसतो आणि सीटीत त्या जागी काहीच नसतं. बऱ्याचदा तो सुई देताना बनलेला ट्रेसरमिश्रित बारीक गठ्ठा असतो. फुप्फुसाच्या स्कॅनसाठी अल्ब्युमिनचे कण देतात, त्यातही कॅथेटरमधून दिलं किंवा सिरिंजमध्ये रक्त ओढलं तर असे ठिपके येतात. म्हणजे ज्या वस्तूवर गुठळी शोधायची तिच्यातूनच ट्रेसर ओतला, तर चमक कशाची हे कुणीच सांगू शकत नाही.

अल्ब्युमिनच्या कणांचा विषय निघाला म्हणून हेही सांगतो. हातातून ट्रेसर सोडून तो हृदयाकडे कसा जातो हे बघायची रेडिओन्यूक्लाइड व्हेनोग्राफी नावाची जुनी पद्धत आहे. रस्ता बंद असेल तर रक्त आडवाटांनी जाताना दिसतं. सुपीरियर व्हेना केव्हा अडली असेल तर छातीच्या आतल्या शिरांतून आणि बेंबीजवळच्या शिरांतून रक्त यकृताच्या एका ठरावीक भागात पोचतं आणि तो भाग तेजाळतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे जादूसारखं वाटलं होतं. पण यातून कळतं ते एवढंच की प्रवाह अडला आहे. अडवणारी गुठळी आहे, जुना व्रण आहे की बाहेरून दाबणारा ट्यूमर, हे कळत नाही. पेपरच्या शीर्षकात 'गुठळीचं निदान' आणि आत 'प्रवाहातला अडथळा' असेल तर ती दोन वेगळी विधानं आहेत.

मग सगळंच टाकाऊ का? अजिबात नाही. माझ्या मते न्यूक्लिअर मेडिसिनला इथे चुकीचा प्रश्न विचारला जातोय. 'गुठळी आहे का?' या प्रश्नावर सोनोग्राफी आणि सीटी व्हेनोग्राफी स्वस्तात आणि बऱ्यापैकी उत्तर देतात. ज्यांची उत्तरं त्यांना देता येत नाहीत असे प्रश्न वेगळे आहेत. गुठळी दिसतेच आहे, पण ती ताजी की सहा महिन्यांपूर्वीची? यावर औषध सुरू ठेवायचं की थांबवायचं हे ठरतं. आणि दुसरा, त्याहून महत्त्वाचा: गुठळीत जंतुसंसर्ग आहे का? कॅथेटर काढला, अँटिबायोटिक चालू आहेत, तरी ताप उतरत नाही आणि रक्तात जंतू सापडतच आहेत, अशा रुग्णात शिरेतली गुठळीच जंतूंचं घर झालेली असू शकते. मग अँटिबायोटिक दोन आठवडे नव्हे, चार ते सहा आठवडे द्यावं लागतं. एफडीजी पेट इथे कामाला येतो, कारण तो दाह पकडतो. एफडीजी हा गुठळीसाठीचा ट्रेसर नाही ही त्याची उणीव इथे त्याचं बळ होते. त्याबद्दलचे बहुतेक पेपर मूठभर रुग्णांचे आहेत आणि नकारात्मक स्कॅन आलेल्यांचं पुढे काय झालं हे त्यांत धड नसतं. म्हणजेच तिथे काम शिल्लक आहे.

फ्रायबॅक आणि थॉर्नबरी या दोघांनी १९९१ साली इमेजिंगच्या उपयोगाची सहा पायऱ्यांची मांडणी केली. चित्र तांत्रिकदृष्ट्या चांगलं येतं का, निदान बरोबर होतं का, डॉक्टरचा विचार बदलतो का, उपचार बदलतो का, रुग्णाचं भलं होतं का, आणि शेवटी समाजाला ते परवडतं का. या विषयावरचा कुठलाही पेपर घ्या आणि त्याला पायरीवर बसवा. जवळजवळ सगळे पहिल्या दोन पायऱ्यांवर बसतील. निष्कर्षाचं शेवटचं वाक्य मात्र पाचव्या पायरीची भाषा बोलत असतं. एवढी एक गोष्ट दाखवून दिलीत तरी तुमच्या रिव्ह्यूला गाईड लाल पेन कमी लावतील.

आणि कुणाला खरंच यावर सिनॉप्सिस लिहायची असेल तर माझा आग्रह एका गटाचा: ज्यांना कॅथेटर आहे आणि गुठळी नाही, असे रुग्ण. हा गट नसलेला अभ्यास कॅथेटरची चमक आणि गुठळीची चमक कधीच वेगळी करू शकणार नाही. त्यांना किरणोत्सर्गाचा डोस द्यायचा म्हणजे एथिक्स कमिटी प्रश्न विचारणार, आणि विचारायलाच हवेत. त्यावर एक व्यवहारी तोडगा असा की कॅन्सरसाठी ज्यांचा एफडीजी पेट असाही होणारच आहे, त्यांचीच सोनोग्राफी त्याच आठवड्यात करून घ्यायची. जादा डोस शून्य. ट्रेसर सगळ्यांना कॅथेटर नसलेल्या हातातून द्यायचा, स्कॅन वाचणाऱ्याला सोनोग्राफीचा निकाल कळू द्यायचा नाही, आणि तीन महिन्यांनी प्रत्येकाला फोन करायचा. या फोनचे पैसे बजेटमध्ये आधीच धरून ठेवा, कारण कमिटीपुढे सगळ्यात आधी तीच ओळ कापली जाते.